एकही गोळी न झाडता

२००२च्या हिवाळ्यात आम्ही जर्सी सिटीहून पार्सिपनीला राहायला आलो. नवऱ्याचं प्रोजेक्ट बदललं होतं, मुलीची शाळा सुरू व्हायची होती आणि मी त्याच्या व्हिसावर आले असल्यामुळे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नागपूरला मी बरीच वर्षं शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं होतं. इथे सकाळी नवरा गाडी घेऊन निघाला आणि मुलगी पिवळ्या बसमध्ये चढली, की संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण पडत नसे.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या टपालपेट्या आवाराच्या तोंडाशी एका रांगेत होत्या. तिथे एक उंच, खांद्यात वाकलेले गोरे आजोबा उभे दिसायचे. एकेक पाकीट डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन, मान तिरकी करून बघायचे. एकदा त्यांनी मला थांबवलं आणि हातातलं पाकीट पुढे करून विचारलं, हे बिल आहे की जाहिरात? जाहिरात होती. मग त्यांनी दुसरं दिलं, तिसरं दिलं. थंडीत उभं राहून मी त्यांचं सगळं टपाल वाचून दाखवलं. त्यांच्या दृष्टीचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणजे समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे.

तिथून माझं त्यांच्याकडे रोज सकाळी पेपर वाचायला जाणं सुरू झालं. त्यांची जुनी लांबलचक गाडी नुसतीच उभी होती. ती मी हवी तेव्हा न्यावी, आणि त्यांना डॉक्टरकडे, चर्चला घेऊन जावं, असं आमचं ठरलं. लायसन्स मी नुकतंच काढलं होतं. माझ्या मुलीला मी सांगितलं, यांना काका म्हणायचं. ती म्हणायला लागली, त्यांना ते आवडलं, आणि मग आम्ही सगळेच त्यांना काका म्हणू लागलो.

काका मूळचे ऑस्ट्रेलियाचे. विशी ओलांडली तेव्हा ते न्यू गिनी बेटावर सरकारी नोकरीत लागले. तेव्हा तिथे ऑस्ट्रेलियाचं राज्य होतं. बेटाच्या आतल्या डोंगरांत अशी गावं होती जिथे सरकार अजून पोचलंच नव्हतं. ते पोचवायचं, हे काकांचं काम. बरोबर डझनभर पोलीस, ओझी वाहणारी माणसं, आणि महिना महिना पायी चाल. गावात पोचलं की घडीचं टेबल मांडायचं, माणसांना रांगेत बसवायचं, शिरगणती करायची, भांडणं ऐकायची, शिक्षा द्यायच्या. पोलीस तेच, न्यायाधीश तेच, तुरुंगाचे प्रमुखही तेच. तिथले लोक अशा अधिकाऱ्याला कियाप म्हणत.

“आमच्याकडे याला दौरा म्हणतात,” मी त्यांना सांगितलं होतं.

तो शब्द त्यांना इतका आवडला, की पुढे प्रत्येक गोष्टीची सुरुवात ते ‘माझ्या एका दौऱ्यात’ अशी करायचे.

दौऱ्यांवरून ते वर चढत गेले. आधी एका लहान ठाण्याचे प्रमुख, मग सहायक कमिशनर, शेवटी अख्ख्या जिल्ह्याचे कमिशनर. उंच जोत्याचं घर, दारात झेंडा, बागेला तीन माळी. बेट स्वतंत्र झालं आणि ते दोन ट्रंका घेऊन बाहेर पडले. मिशनच्या इस्पितळातल्या एका अमेरिकन नर्सशी त्यांनी लग्न केलं होतं, म्हणून तिच्या देशात आले. इथे एका वृद्धाश्रमाचं ऑफिस सांभाळलं आणि तिथूनच रिटायर झाले. बायको वारली होती. मुलगी कॅलिफोर्नियात होती, रविवारी फोन करायची.

मी इतिहास शिकवलेली बाई. टेबल, रांग, शिरगणती, झेंडा यांचा अर्थ मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. फळ्यावर मी तो वर्षानुवर्षं लिहिला होता. पण काका त्या लोकांबद्दल कधी वाईट बोलत नसत. स्वतःचीच फजिती सांगत, आवाज काढत, आणि मध्येच थांबून मला विचारत, तुला काय वाटतं? त्या वर्षात मला काय वाटतं हे दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. मी ऐकत गेले. मला मजा येत होती, हेही खरं.

त्यांची एक गोष्ट सगळ्यांत रंगायची. एका उंचावरच्या गावात ते पहिल्यांदा शिरगणतीला गेले, तर गावातले पुरुष जंगलात पळून गेलेले. मागे फक्त म्हाताऱ्या, काही बायका आणि डुकरं. पोलिसांचं म्हणणं होतं, जंगलात घुसून दोनचार गोळ्या झाडू. काका म्हणाले, नको. “मग मी आज्यांना चहाला बोलावलं,” असं ते सांगायचे. एक कुंपण घातलं, आज्यांना आत बसवलं, डुकरंही आत घातली, आणि सगळ्यांना चहा-बिस्किटं दिली. आज्यांनी कुंपणातून जंगलाकडे तोंड करून आपल्या मुलांना अशा शिव्या घातल्या, की दोन दिवसांत सगळे वीर माना खाली घालून उतरले आणि मुकाट्यानं रांगेत बसले. एकही गोळी न झाडता. त्या दौऱ्याचा वर बोलबाला झाला आणि त्यांना पहिली बढती मिळाली.

२००३च्या गणपतीत आम्ही काकांना जेवायला बोलावलं होतं. पुण्या-मुंबईची आणि नागपूरची आठदहा कुटुंबं होती. जेवणं झाल्यावर मीच आग्रह केला, काका, आज्यांची गोष्ट सांगा. त्यांनी बोटं नाचवत, बोळक्या तोंडाच्या आजीचा आवाज काढत ती सांगितली. नवऱ्याचा एक मित्र हसता हसता म्हणाला, यार, आमच्या आजीला बसवलं असतं तर अख्खं सैन्य शरण आलं असतं. सगळे हसले. घरी इतका रंगतदार पाहुणा आहे याचा मला अभिमान वाटला.

त्याच सुमाराला चर्चमधल्या ओळखीतून काकांकडे एक विचारणा आली. इराकमध्ये गावांचा आणि शहरांचा कारभार बघायला माणसं पाठवणारी एक कंत्राटदार कंपनी होती. जाणाऱ्यांना ती इथे दोन आठवडे शिकवून तयार करत असे. अनोळखी मुलखात सरकार कसं बसवायचं, यावर ज्यानं ते केलंय अशा माणसाचं एक भाषण त्यांना हवं होतं. काकांना किती बरं वाटलं ते मी पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या नोकरीतलं ज्ञान कुणाला हवंसं वाटलं नव्हतं. ते सांगत गेले आणि मी नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप केलं. रस्ते, दवाखाने, दुभाषे, नकाशे. वाचून दाखवल्यावर मीच म्हणाले, हे फार कोरडं झालंय. वर्गाला जागं ठेवायचं तर आधी गोष्ट हवी. आज्यांची गोष्ट घाला.

भाषण प्रिन्स्टनच्या अलीकडे, हायवेलगतच्या एका हॉटेलात होतं. तीसेक माणसं असतील. बहुतेक तरुण, काही सैन्यातून बाहेर पडलेले, दोनतीन बायका. काकांसाठी मी मोठ्या अक्षरांत छापून नेलं होतं, पण त्या पिवळट उजेडात त्यांना तेही दिसेना. दोन ओळींतच ते अडखळले. मग त्यांनी कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाले, तू वाच.

मी वाचलं. किती दिवसांनी समोर वर्ग होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे मला येत होतं. आजीचा आवाजही मी काढला, काकांसारखा नाही, आमच्याकडच्या एखाद्या खाष्ट म्हातारीचा. सगळी खोली हसली. शेवटी टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. परतताना मी गाडी एडिसनला वळवली आणि ओक ट्री रोडवर आम्ही मसाला डोसा खाल्ला. काकांनी हातानं खाल्ला, सांबार शर्टावर सांडलं, आणि ते म्हणाले, आज मी पुन्हा कामाचा माणूस झालो.

पुढच्या वर्षी वसंतात इराकमधल्या अमेरिकन तुरुंगातले, कैद्यांच्या छळाचे ते फोटो पेपरात आले. बातमी वाचून झाल्यावर काका म्हणाले, फोटोत काय आहे ते सांग. मी थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, छपाई खराब आहे, नीट कळत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी पान उलटलं आणि हवामान वाचलं.

मे महिन्यात माझे सासरे सहा महिन्यांसाठी आले. सासूबाईंना गुडघ्यांमुळे इतका प्रवास झेपला नसता, त्या नागपूरलाच राहिल्या. सासरे महसूल खात्यात कारकून म्हणून लागून तहसीलदार होऊन निवृत्त झाले होते. उभी नोकरी विदर्भातल्या जंगलपट्टीच्या तालुक्यांत झाली होती. मला वाटलं होतं, इथे त्यांना करमणार नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात ते काकांच्या मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले. त्यांचं इंग्रजी ऑफिसातलं, ‘विथ रिफरन्स टू’ छापाचं. काकांना ते चांगलं कळायचं. अडलं तर मी असायची. जीप, डाकबंगला, पूर आलेला नाला, खोटं बोलणारे पाटील, या सगळ्याच्या जोड्या दोघांना सापडत गेल्या. काकांना ते साहेब म्हणायचे, आणि काका त्यांना ‘माय कलीग’.

काकांनी आज्यांची गोष्ट त्यांनाही सांगितली. सासरे मांडीवर थाप मारून हसले आणि त्यांनी स्वतःची काढली. आणीबाणीत नसबंदीचं टार्गेट आलं होतं. गावं रिकामी व्हायची. माणसं रानात पळायची. तेव्हा यांनी युक्ती केली. माणसं सापडत नाहीत ना, मग त्यांची गुरं हाकून आणायची आणि कोंडवाड्यात घालायची. शस्त्रक्रिया झाल्याची चिठ्ठी दाखवा आणि बैल घेऊन जा. “बैलासाठी माणूस येतेच साहेब,” असं त्यांनी मराठीतच सांगितलं आणि मी ते इंग्रजी करून दिलं. काका हसले. मी पण हसले असेन. सासऱ्यांची ही गोष्ट मी लग्नानंतर जेवणाच्या पंगतीत अनेकदा ऐकली होती.

सप्टेंबरात एका शनिवारी दुपारी एक तरुण काकांकडे आला. भाषणाच्या वेळी तो पुढच्या रांगेत होता. सत्ताविसेक वर्षांचा, उन्हानं रापलेला, बोलायला अतिशय नम्र. इराकमधून सुट्टीवर घरी आला होता आणि मुद्दाम वाट वाकडी करून भेटायला आला होता. काकांसाठी त्यानं नक्षीची पितळी कॉफीची किटली आणली होती. अंगणात आम्ही चौघं होतो. मी चहा आणि चिवडा आणून ठेवला.

“सर, तुमच्या आज्यांनी माझं काम सोपं केलं,” तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. नदीकाठच्या एका गावात काही माणसं सैन्याला हवी होती आणि ती सापडत नव्हती. अधिकाऱ्यांची बैठक झाली. हा तिथे सल्लागार म्हणून बसला होता. कुणालाच काही सुचेना, तेव्हा यानं काकांची गोष्ट सांगितली. सगळे हसले. हसणं संपल्यावर एक अधिकारी म्हणाला, करून बघायला काय हरकत आहे. त्या माणसांच्या घरांतून त्यांच्या आया आणि बायका गाडीत घालून आणल्या आणि एका शाळेत ठेवल्या. आठवड्याच्या आत बहुतेक सगळी माणसं स्वतःहून आली. एकही गोळी झाडावी लागली नाही. हे सांगताना तो खरोखर कृतज्ञ होता.

सासऱ्यांनी मान डोलावली. “व्हेरी गुड,” ते म्हणाले. “सेम मेथड.”

 काकांची सवय अशी होती, की माणूस नीट दिसावा म्हणून ते मान वळवून डोळ्याच्या कडेनं बघायचे. तसे ते त्या मुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, बायकांना शाळेच्या आत ठेवलं होतं की पटांगणात? आत, तो म्हणाला. पाणी, पंखे, सगळं होतं. सगळ्यांत म्हातारी कोण होती? ते त्याला माहीत नव्हतं.

“सगळ्या घरी गेल्या?” काकांनी विचारलं.

“मला वाटतं, हो सर. मी लगेच दुसरीकडे गेलो.”

“माझी एक गेली नाही,” काका म्हणाले.

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. त्या मुलालाही नाही. काका नेहमी गोष्ट सांगताना हात हलवत. आता दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते.

कुंपण खरं होतं, ते म्हणाले. टोकदार खुंट पुरून केलेलं. छप्पर नव्हतं. गाव इतकं उंचावर होतं की रात्री तोंडातून वाफ निघायची, आणि पाऊस रोज पडायचा. तंबू होते ते त्यांना आणि पोलिसांना. चहाही खरा होता, पण पहिल्या संध्याकाळी, एकदाच. आज्या शिव्या देत नव्हत्या. त्या मुलांना हाका मारत होत्या. त्यातली एक खोकत होती, तिला फाटकाजवळ आडोसा होता म्हणून तिथे बसवली होती. शेवटच्या सकाळी ती उठली नाही. आणि त्याच सकाळी जंगलातून पुरुष खाली आले.

“टेबल मांडलेलं होतं,” काका म्हणाले. “मी ठरवलं, आधी रांग. आत्ता सोडलं तर हे पुन्हा पळतील. मी त्यांना रांगेत बसवलं आणि एकेकाला घरात कोण कोण आहे ते विचारलं. तिचा मुलगा चौथा की पाचवा होता. त्यानं आईचं नाव सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी ते नाव लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं.”

 शेजारच्या घरात कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. मग तो मुलगा हळूच म्हणाला की सर, ते दिवस वेगळे होते. काका म्हणाले, पुढे तूही तुझ्या दिवसांबद्दल असंच म्हणशील. त्यानं चहा संपवला, सगळ्यांशी हात मिळवले, माझे चिवड्यासाठी आभार मानले आणि गेला. किटली टेबलावरच राहिली.

घरी आल्यावर सासरे स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. सहसा ते तिथे येत नसत. “बेटा, आपण काही शौकानं केलं काय?” ते म्हणाले. “वरून टार्गेट यायचं. नाही झालं तर पगार बंद, बदली. तुमच्या पिढीला नाही समजत ते.” मी त्यांना काहीच म्हटलं नव्हतं. मी पोळ्या लाटत होते. थोड्या वेळानं मी विचारलं, बाबा, त्या गुरांना कोंडवाड्यात चारापाणी कोण करायचं? ते म्हणाले, कोतवाल करत असेल. मग ते टीव्ही लावून बसले, पण मी ताटं घेऊन गेले तेव्हा आवाज बंद होता.

मला त्यांच्याबद्दल लाज वाटली आणि ती वाटल्याचीही लाज वाटली, कारण प्रिन्स्टनच्या त्या खोलीत आवाज माझा होता. आजीला खाष्ट मी केलं होतं. तो मुलगा जी गोष्ट बरोबर घेऊन गेला, ती माझ्या तोंडून ऐकून गेला होता.

सोमवारी काकांनी पेपर वाचू दिला नाही. त्यांनी मला कंपनीत फोन लावायला सांगितला. त्यांना पुन्हा बोलायचं होतं. पलीकडच्या माणसानं आधी टाळलं, अभ्यासक्रम आता बदललाय म्हणाला. काकांनी चिकाटी सोडली नाही. शेवटी जेवणाच्या सुट्टीआधीची पंधरा मिनिटं मिळाली.

सासरे त्या दिवशी येतो म्हणाले नाहीत. आम्ही दोघंच गेलो. वाटेत मी म्हणाले, काका, हवं तर मी टाइप करते, मी वाचते.

“नको,” ते म्हणाले. “तुझ्या आवाजात ते छान वाटतं. छान वाटायला नको.”

त्याच हॉटेलात, वेगळ्या खोलीत, वेगळी माणसं होती. काका कागदाशिवाय उभे राहिले आणि त्यांनी अंगणात सांगितलं होतं तेच सांगितलं, थोडक्यात, कुठलाही आवाज न काढता. म्हातारी फाटकाजवळ होती. टेबल मांडलेलं होतं. मी नाव लिहून घेतलं. शेवटी ते म्हणाले, हे करू नका. मी केलं, त्याबद्दल मला बढती मिळाली, आणि मी आयुष्यभर ते विनोद म्हणून सांगितलं.

कुणी हसलं नाही. मला वाटलं, पोचलं. मग मागून एका मध्यमवयीन माणसानं हात वर केला. त्याचा सूर उर्मट नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

“पण सर, पुरुष खाली आले?”

“आले,” काका म्हणाले.

त्या माणसानं मान हलवली आणि समोरच्या पॅडवर काहीतरी लिहिलं. तो लिहितोय हे काकांना दिसणं शक्य नव्हतं. पेनाचा आवाज आला असावा. त्यांनी विचारलं, तुम्ही काय लिहिलंत?

तो जरा संकोचला. “रात्री छपराची सोय असावी,” तो म्हणाला.

काका उभेच राहिले. आयोजकानं आभार मानले, लोक जेवायला उठले. मी त्यांचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत आणलं. एडिसनची पाटी आली तेव्हा मी गाडी वळवली नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, ती गोष्ट इतक्यांदा सांगितली, की मला स्वतःलाही फक्त चहाच आठवायला लागला होता. मी नजर रस्त्यावर ठेवली. मला गाडी चालवताना रडायचं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी सासरे परत गेले. निघण्याआधी काकांना भेटून आले. अंगणात दोघं थोडा वेळ बसले होते, पण आता दौऱ्यांच्या गोष्टी नव्हत्या. औषधांबद्दल बोलत होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा बोलावलं, तर म्हणाले, इतका प्रवास आता होत नाही.

काकांकडे मी पुढेही जात राहिले. ते पेपर कमी ऐकू लागले, रेडिओवर संगीत जास्त. पुढच्या गणपतीत एका मैत्रिणीनं विचारलं, या वर्षी आजोबांना नाही बोलावलं? त्यांच्या त्या आज्यांच्या गोष्टीनं काय हसलो होतो. मी सांगितलं, त्यांना बरं नाही. खरं तर मी त्यांना बोलावलं होतं आणि ते नको म्हणाले होते. त्या गोष्टीचा शेवट मी तिला सांगितला नाही. तिथे बसलेल्या कुणालाच सांगितला नाही. मोदकांची ताटं फिरत होती, सगळे खुशीत होते, आणि मला ते जमलं नाही. पुढेही जमलं नाही. मी तेव्हा स्वतःला सांगत होते की ही माझी गोष्ट नाही, त्यांची आहे.

२००७च्या हिवाळ्यात काकांना न्यूमोनिया झाला. इस्पितळात शेवटच्या दिवसांत ते अधूनमधून एक शब्द म्हणायचे. नर्सला वाटलं, ते मला हाक मारतायत. ते एका माणसाचं नाव होतं. त्या मुलाचं, जो रांगेत बसून आईचं नाव सांगत होता. मी एकदा विचारलं, आईचं नाव काय होतं? त्यांनी बराच वेळ आठवलं. तेही त्यांना आठवत होतं.

त्यांची मुलगी आली, तिनं सगळं नीट केलं. चर्चमध्ये तिनं चार शब्द सांगितले, त्यात आज्यांचा चहाही होता. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. तिला शेवट माहीत होता की नाही, मला माहीत नाही. तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, तुम्ही त्यांचे डोळे होतात. मी थँक यू म्हणाले.

रात्री मी नागपूरला फोन केला. तिथे सकाळ होती. सासऱ्यांनीच उचलला. काका गेल्याचं मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, शेवटी काय बोलत होते साहेब? मी सांगितलं, त्या म्हातारीच्या मुलाचं नाव घेत होते.

“नाव आठवत होतं त्यांना?”

“हो, बाबा. तिचंही.”

 

“मी पण आठवून पाहतो कधी कधी,” ते म्हणाले. “कोंडवाड्यापाशी लोक येऊन बसायचे, हात जोडून. चेहरे दिसतात. नाव एकाचंही नाही येत, बेटा.”

मग त्यांनी विचारलं, तिकडे बर्फ पडून राहिलं काय, आणि मी हो म्हणायच्या आधीच फोन सासूबाईंच्या हातात दिला.